दोन ठिपके

मराठीचा प्राध्यापक हिंजवडीत काय करतो, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जणू मराठीच्या प्राध्यापकाने सदाशिव पेठेची हद्द ओलांडणे हा दखलपात्र गुन्हाच आहे! उत्तर सोपे आहे. आमच्या घरातले खरे कमावते माणूस, म्हणजे आमची सौ., येथल्या एका संगणकाच्या कंपनीत हिशेब पाहते. वाकडच्या पुलाखालच्या गर्दीत तिने रोज दोन वेळा जीव आटवण्यापेक्षा नवऱ्यानेच कॉलेजसाठी उलट दिशेने जावे, असा निवाडा तिने सहा वर्षांपूर्वी दिला. त्या निवाड्यावर अपील नव्हते. आमचे बिऱ्हाड हिंजवडीला आले.

येथे आल्यावर पहिली गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली ती पाट्यांची. मराठी पाटीवर 'हिंजवडी' एकाच प्रकारे लिहिलेले. इंग्रजी पाट्यांवर मात्र जितक्या पाट्या तितकी गावे. कुठे मध्ये 'ए' घालून वाचणाऱ्याला 'हिंजेवाडी' म्हणायला लावलेले, कुठे 'ए'च्या जागी दुसराच स्वर, कुठे 'व'साठी एक अक्षर तर कुठे दुसरे. आमच्या घरमालकांचा धाकटा मुलगा एकदा म्हणाला, "सर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक हिंजवडी, बँकेच्या पुस्तकावर दुसरी, नि कंपनीच्या ओळखपत्रावर तिसरी. मी कुठला म्हणायचा?"

हा मुलगा गावातलाच. आजोबांच्या वावरावर आता काचेची इमारत उभी आहे आणि नातू तशाच दुसऱ्या इमारतीत बसून संगणकाची कामे लिहितो. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघते, तेव्हा हाच मुलगा डोक्याला फेटा बांधून पुढे असतो. त्याचा प्रश्न ऐकून मी त्या दिवशी हसलो होतो. पुढे माझ्यावरच पाळी आली, तेव्हा हसू पळाले.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा भाचा जर्मनीत, श्टुटगार्टला, मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर आहे. त्याने तिकडच्या एका मुलीशी लग्न ठरवले. ताई दोन दिवस नीट जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी सुनेसाठी पाटल्या काढून बसली. लग्न पुण्यात, मार्गशीर्षात, विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोंदवून करायचे ठरले. दोघे आधीच पुण्यात येऊन राहिली होती. ताई मला म्हणाली, "तू लिहिण्यावाचण्यातला. पत्रिका आणि ते सरकारी कागद तुझ्याकडे."

मुलीचे आडनाव म्हणजे जर्मन भाषेतला एक रोजचा शब्द आहे. उच्चार साधारण 'श्योन', अर्थ 'सुंदर'. रोमी लिपीत लिहिताना त्यातल्या 'ओ' या अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके येतात. मी पत्रिकेची इंग्रजी बाजू टाइप करायला बसलो. कळफलकावर साधा ओ होता, ठिपक्यांचा ओ कुठेच नव्हता. दोन-तीन कळा दाबून पाहिल्या, चष्मा पुसला आणि मनाशी म्हटले, दोन ठिपक्यांनी काय बिघडते? साधा ओ घातला आणि मोकळा झालो. तशीच लग्नाची नोटीसही टाइप केली. पत्रिका छापून आल्या. दोनशे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी भाचा आणि ती मुलगी आमच्याकडे जेवायला आली. ताईच्या घरात राहून तिने बाराखडी पुरी केली होती आणि मोडके का होईना, पण धीट मराठी बोलत होती. मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होतो. एका चिरंजीवांनी लिहिले होते, "समारंभात आचार्यांनी केलेल्या जिलेबीचे सर्वांनी कौतुक केले." मी 'आचार्यांनी'भोवती लाल शाईचे मोठे वर्तुळ काढले. ती वाकून बघत होती. म्हणाली, "मामा, हे का चूक?"

मास्तरला असा प्रश्न विचारणे म्हणजे घसरगुंडीवर ढकलणेच. मी सांगू लागलो. आचार्य म्हणजे गुरू. त्यांनी केले म्हणजे 'आचार्यांनी' केले, आणि तिथे 'र' हा 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आचारी म्हणजे स्वयंपाकी. त्यांनी केले म्हणजे 'आचाऱ्यांनी' केले, आणि तिथे 'र' हा 'य'च्या आधी, पापणीच्या केसासारखा आडवा होतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. सूर्याने उजेड पडतो, सुऱ्याने कांदा चिरला जातो. "एवढीशी रेघ," मी बोट नाचवत म्हणालो, "पण ती विसरलात की गुरुजी चुलीपुढे जाऊन बसतात! चिन्ह म्हणजे अक्षराचा दागिना नव्हे. चिन्ह म्हणजे अक्षरच."

तिने सगळे मन लावून ऐकले. मग पिशवीतून लग्नपत्रिका काढली, माझ्या वह्यांवर ठेवली आणि आपल्या आडनावावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "मामा, इथे माझा पण आचारी झाला."

ठिपके काढले की 'श्योन'चा 'शोन' होतो, आणि त्या शब्दाचा अर्थ 'आधीच'. मी भाच्याच्या लग्नात 'कुमारी सुंदर' यांच्याऐवजी 'कुमारी आधीच' यांना उभे केले होते.

ती रागावली नव्हती, हेच अधिक लागले. भाच्याने मग सांगितले की, पत्रिकेचे चित्र तिच्या आजीला फोनवर पाठवले होते. आजींचे वय एक्याऐंशी. हे आडनाव त्यांच्या नवऱ्याचे. तो गेल्यावर साठवून ठेवावे असे तेवढेच राहिले. त्यांनी पत्रिका पाहिली आणि विचारले, "हे लग्न कोणाचे आहे?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या लोकांना आमचे नाव नको आहे का?"

मी काही बोलणार तोच स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "अहो, आणि उद्या द्यायची ती नोटीस? तीही तुम्हीच टाइप केलीत ना?"

माझे हातपाय गार पडले. या कायद्याप्रमाणे लग्नाची नोटीस दिली की ३० दिवस थांबावे लागते, कोणाची हरकत असेल तर ती त्या मुदतीत घ्यायची. नोटिशीतले नाव चुकले, ते मागून कोणाच्या लक्षात आले आणि नवी नोटीस द्यावी लागली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायचे. आजींचे विमानाचे तिकीट काढून झाले होते. मुलीने पासपोर्ट काढून दाखवला. त्यात नाव ठिपक्यांसह होते. पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत मात्र फक्त साधी इंग्रजी अक्षरे आणि आकडे चालतात. म्हणून तेथे ठिपक्यांच्या ओऐवजी 'ओ' आणि पुढे 'ई' अशी दोन अक्षरे होती. दोन्ही रूपे तिच्या देशात मान्य. मी लिहिलेले तिसरे रूप जगातल्या कुठल्याच कागदावर नव्हते. अशाने एका माणसाची दोन माणसे होतात आणि मग आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगत हिंडावे लागते.

मी जिना उतरून घरमालकांकडे गेलो आणि त्यांच्या मुलाला बोलावून आणले. त्याने माझे यंत्र पाहिले आणि म्हणाला, "सर, सोपंय. तुम्हाला ईमॅक्स देतो."

ईमॅक्स म्हणजे मजकूर लिहिण्याचे आणि सुधारण्याचे एक साधन, ज्याला ही मंडळी 'टेक्स्ट एडिटर' म्हणतात. त्याचा पहिला अवतार १९७६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झाला. १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी तो नव्याने लिहून सर्वांना खुला केला. आतली कलमे उघडी असल्याने ज्याला जसे हवे तसे तो आपल्यापुरते बदलून घेऊ शकतो. शिंप्याने बेतून दिलेला सदरा आणि दुकानातला तयार सदरा यांत जो फरक, तोच येथे. दिसायला मात्र हे साधन अगदी ओकेबोके. सौ. म्हणाली, "याच्यापेक्षा माझी वाण्याची यादी सुंदर दिसते."

आता त्याने दाखवलेल्या युक्त्या सांगतो. कोणाच्या तरी घरी उपयोगी पडतील. ती ठिपक्यांची अक्षरे इथे छापत नाही, शब्दांतच सांगतो.

पहिली युक्ती अशी. कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि उलटी तिरपी रेघ असलेली कळ दाबायची. कोणत्या रीतीने लिहिणार, असे यंत्र प्रथम विचारते. तेथे 'जर्मन-पोस्टफिक्स' असे इंग्रजीत लिहिले की झाले. मग 'ओ'पुढे 'ई' लिहिताच दोन्ही मिळून ठिपक्यांचा ओ होतो. 'ए' आणि 'यू' यांचेही तसेच. काम झाले की तीच जोडकळ पुन्हा दाबायची आणि इंग्रजीत परत यायचे. मला ही रीत फार आवडली, पण तिच्यात एक खोच आहे. जर्मन महाकवी गटे आपले नाव खरोखरच 'ओ' आणि 'ई' अशी दोन सुटी अक्षरे लिहून लिहीत असे. त्याचे नाव लिहायला गेलो तर यंत्र त्यालाही ठिपके लावून मोकळे! त्यावर उपाय म्हणजे 'ई' पुन्हा एकदा दाबायची; की जोड सुटते आणि महाकवी पूर्ववत होतात.

दुसरी युक्ती अधूनमधून लागणाऱ्या अक्षरासाठी. कंट्रोल आणि एक्स, मग आठाचा आकडा, मग चिन्हासारखी दिसणारी कळ, मग अक्षर. दोन ठिपके हवे तर दुहेरी अवतरणचिन्ह. फ्रेंच 'ई'वरची तिरपी रेघ हवी तर एकेरी अवतरणचिन्ह. स्पॅनिश 'एन'वरची नागमोडी रेघ हवी तर कळफलकावरची नागमोडी रेघ. पाठ करायचे काही नाही, डोळ्यांना दिसते तेच बोटांनी दाबायचे.

तिसरी युक्ती खास आपल्यासाठी बेतून घेण्याची. ईमॅक्सच्या सुरुवातीच्या फायलीत एक ओळ लिहिली की कोणतीही कळ हव्या त्या अक्षराला वाहता येते. शिवाय संक्षेप ठेवता येतात. पोराने प्रथम असा संक्षेप केला की, बिनठिपक्यांचे आडनाव लिहिले तर यंत्रानेच त्यावर ठिपके द्यावेत. मुलगी हसायला लागली. "मग मला 'आधीच' लिहायचं असेल तर? सगळंच सुंदर होईल!" तेव्हा तो बेत रद्द झाला. शेवटी तिचे संपूर्ण नाव, ठिपक्यांसह, इंग्रजी अक्षरांतल्या 'सूनबाई' या एका शब्दामागे ठेवले. मी 'सूनबाई' लिहून जागा सोडली की पडद्यावर तिचे नाव डौलात उभे राहते.

ज्यांना ईमॅक्सचा सदरा शिवून घ्यायचा नाही, त्यांनीही हताश होऊ नये. विंडोजच्या यंत्रावर ऑल्टची कळ धरून उजवीकडच्या आकड्यांवर ०२४६ दाबले की ठिपक्यांचा लहान ओ उमटतो. फोनवर तर 'ओ' जरा वेळ दाबून धरले की त्याचे सगळे भाऊबंद वर उभे राहतात. शेवटी जतन करताना मात्र 'यूटीएफ-आठ' ही पद्धत निवडलेली असावी. नाहीतर पाठवलेले ठिपके पलीकडे प्रश्नचिन्ह होऊन पोचतात.

पोरगा बोटे चालवीत होता, तोवर मी मुलीला विचारले, "हे ठिपके तुमच्याकडे आले कुठून?" ती म्हणाली, पूर्वीचे लेखनिक अक्षराच्या डोक्यावर बारीक 'ई' लिहीत. जुन्या जर्मन वळणात ही 'ई' दोन उभ्या रेघांसारखी दिसे. रेघा झिजत झिजत ठिपके झाले. म्हणून ठिपके देता येत नसतील तेथे पुढे 'ई' लिहिणे हे चूक नव्हे, ते त्या अक्षराचे माहेर आहे. मला एकदम उजेड पडला. पुण्यात जर्मन शिकायला मुले मॅक्सम्युलर भवनात जातात. ज्या पंडिताने सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत छापून काढला, त्याचे हे नाव. मूळ नावातल्या 'यू'वर दोन ठिपके आहेत, आणि भवनाच्या पाटीवर त्याच्या जागी 'यू' आणि 'ई'. इतकी वर्षे मी ते इंग्रजांचे काहीतरी विचित्र स्पेलिंग समजत होतो.

मग माझ्यातल्या मास्तरला राहवेना. फ्रेंच भाषेत काही स्वरांवर टोपी असते. पुष्कळ ठिकाणी ही टोपी म्हणजे गळून गेलेल्या 'एस'ची आठवण. इंग्रजीतल्या 'हॉस्पिटल'मधला 'एस' फ्रेंच शब्दात नाही, पण त्याच्या जागेवर टोपी आहे. आपल्याकडे काय वेगळे होते? संस्कृत 'पञ्च'चा मराठीत 'पाच' झाला, 'दन्त'चा 'दात' झाला. गळलेल्या अनुनासिकाची आठवण म्हणून आपले आजोबा 'पांच' आणि 'दांत' असा अनुस्वार देत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि ते न उच्चारले जाणारे अनुस्वार रजेवर गेले. स्पॅनिश 'एन'वरची नागमोडी रेघ म्हणजे पूर्वी वर लिहिलेला दुसरा लहान 'एन'. 'वर्ष' या अर्थाच्या त्यांच्या शब्दात ती येते. नववर्षाच्या शुभेच्छा देताना ती विसरली तर जो शब्द उरतो, त्याचा अर्थ दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही.

वाचकहो, हे सारे परक्यांच्या भाषांचे कौतुक म्हणून मी सांगत नाही. आपलीही अक्षरे यंत्रापायी पुष्कळ वेळा खाली बसली आहेत. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि तिच्यावर लुब्ध झाला. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापून निघावीत, अशी आपली अनेक वर्षांची इच्छा त्याने १६०८ साली वरिष्ठांना पत्र लिहून कळवली. पण खिळे काही मिळाले नाहीत. त्याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमी अक्षरांत. आपले ट, ड, ण, ळ त्या परक्या अक्षरांत बसवताना त्या भल्या माणसाला काय सायास पडले असतील! आज उलटे झाले आहे. त्यांचा 'ओ' लिहायला मी बसलो होतो, आणि मला पाच मिनिटांचेही सायास नको होते.

पुढे छापखाने आले, पण खिळ्यांची संख्या आवरेना. सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी पुरस्कारली, इ-ई-उ-ऊ ऐवजी 'अि, अी, अु, अू'. 'किर्लोस्कर' मासिकाने ती कित्येक वर्षे चालवली. हेतू चांगला होता, अडचणही खरी होती. शिशाचा एकेक खिळा ओतावा लागे आणि जुळाऱ्याला तो शोधावा लागे. टंकयंत्रावरही काही कळा अशा असत की, त्या दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे. आधी चिन्ह उमटवायचे आणि मग त्याच जागी अक्षर. संगणकाच्या आरंभीही तेच. १९६०च्या दशकात अमेरिकेत ठरलेल्या अक्षरसंचात एकूण जागा १२८, त्यांतल्या छापण्याजोग्या ९५. त्यांत इंग्रजीचे सगळे गणगोत मावले. जर्मनांच्या ठिपक्यांनाही ओसरीवर जागा नव्हती, मग आपल्या रफाराला कोण विचारतो!

ही कोंडी फोडण्यात ईमॅक्सचाही वाटा आहे, आणि तो जपानी लोकांनी उचलला. हजारो अक्षरांच्या लिपीला इंग्रजी कळफलक पुरणार कसा? म्हणून त्यांनी ईमॅक्सला बहुभाषी करणारी जोड तयार केली. तिचे नाव 'म्यूल', म्हणजे खेचर. सगळ्या लिप्यांचे ओझे वाहणारे खेचर! १९९७ साली ती जोड मूळ ईमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत मिसळली गेली. त्याआधी १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली होती आणि तिच्यात देवनागरी होती. तरी आपला 'बॅट-बॉल'च्या काळातला 'ॲ' हा स्वतंत्र स्वर त्या यादीत यायला २००८ साल उजाडले. तोपर्यंत लोक 'अ' लिहून त्यावर सुटा चंद्र चढवीत. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी एकीकडे एक वर्ण आणि दुसरीकडे दोन. जर्मन ओचेही असेच आहे. तो एका वर्णानेही लिहिता येतो आणि साधा ओ अधिक सुटे ठिपके असाही. म्हणून यादीत नाव डोळ्यांना दिसते, आणि शोधायला गेले तर यंत्र 'नाही' म्हणते. ईमॅक्समध्ये अक्षरावर उभे राहून विचारले, तर ते त्या अक्षराचे कूळ, गोत्र आणि क्रमांक सांगते. पोराने ते करून दाखवले, तेव्हा मुंजीतल्या बटूची आठवण झाली.

जाता जाता तो म्हणाला, "सर, यात मराठीही लिहिता येतं. इनस्क्रिप्ट घ्या. 'जे'च्या कळेवर 'र' आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबा, मग 'डी' दाबून पाय मोडा, नि 'य' लावा." मी तसे केले. पडद्यावर 'आचाऱ्यांनी'तला 'ऱ्य' उमटला. आता खरे सांगतो. ज्या चिन्हासाठी मी वीस वर्षे पोरांच्या वह्या लाल केल्या, ते चिन्ह मला स्वतःला टाइप करता येत नव्हते. मी ते दर वेळी जुन्या फायलीतून उचलून चिकटवीत असे. यंत्रात ते होते; विचारण्याची तसदी घेतली नव्हती इतकेच.

नोटीस त्याच रात्री नव्याने लिहिली. नाव पासपोर्टाप्रमाणे ठिपक्यांसह, आणि शेजारी तळच्या ओळीतले 'ओ-ई'चे रूपही. तीन वेळा वाचून मगच सह्या झाल्या.

राहिल्या पत्रिका. दोनशे पत्रिका पुन्हा छापायच्या म्हणजे खर्च, आणि दिवाळीच्या तोंडावर छापखाना दारात उभा करणार नाही. "पुन्हा कशाला छापायच्या?" सौ. म्हणाली. "ठिपकेच द्यायचे आहेत ना?" तिने बारीक टोकाची काळी पेने आणली. सतरंजी अंथरली. ताईला बोलावून घेतले. सौ., ताई, ती मुलगी, भाचा आणि घरमालकांचा मुलगा असे सगळे गोल बसले आणि एकेका पत्रिकेवर दोन-दोन ठिपके देऊ लागले. ताई रांगोळीतली पट्टीची. तिचे ठिपके छापल्यासारखे. माझे एक वर, एक खाली. मुलीने माझी एक पत्रिका उचलून पाहिली आणि म्हणाली, "मामा, हा ओ जरा वाकडं बघतोय." एकूण चारशे ठिपके. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला दोन दिवस होते, आणि बाहेर कोणीतरी आधीच फटाके उडवीत होते.

त्यातली पहिली पत्रिका आजींना पाठवली. यंत्रातून काढलेली शुद्ध प्रत पाठवता आली असती, पण मुलगी म्हणाली, हाताने ठिपके दिलेलीच पाठवू. आजी लग्नाला आल्या. ताईने त्यांची ओटी भरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारभर बोलत होत्या.

फाल्गुनात आमच्या पत्त्यावर जर्मनीहून एक पाकीट आले. वर रोमी अक्षरांत पत्ता होताच. त्याच्याखाली, थरथरत्या हाताने, शाळेतल्या मुलाने पाटीवर गिरवावे तसे देवनागरीत गावाचे नाव काढले होते. नातीकडून वळण मागवून घेतले असणार. पहिली वेलांटी जरा मोठी झाली होती, 'ड'चे पोट सुटले होते. पण 'हिं'वरचा अनुस्वार मसुराच्या दाण्याएवढा, ठसठशीत, आपल्या जागी होता.

घरमालकांचा मुलगा भाड्याची पावती द्यायला वर आला होता. त्याने पाकीट हातात घेतले आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या गावाचं नाव जर्मनीहून बरोबर लिहून आलं."